६३२ किलोमीटर, एकही थांबा नाही, मग इंजिन पाणी प्यायलं कुठे?

आधी एक साधा हिशोब करू. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनपासून एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनपर्यंत ३९३ मैल, म्हणजे ६३२ किलोमीटर. आपल्याकडचं सांगायचं तर सीएसएमटीहून सुटलेल्या गाडीने कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ सगळं मागे टाकत अकोल्याच्याही पुढे, बडनेऱ्याच्या थोडं अलीकडे जाऊन पहिल्यांदा उभं राहावं, एवढं. वाफेचं मोठं एक्सप्रेस इंजिन असं पळताना मैलाला अंदाजे पस्तीस-चाळीस गॅलन पाणी संपवतं, ब्रिटिश गॅलन म्हणजे साडेचार लिटर धरा, तर अख्ख्या प्रवासाचे झाले चौदा-पंधरा हजार गॅलन. टाकी आहे पाच हजार गॅलनची. आणि गाडी मधे थांबणारच नाहीये.

हे कसं जमवलं ते १९५४ सालच्या एका वीसेक मिनिटांच्या ब्लॅक अँड व्हाइट डॉक्युमेंटरीत बघायला मिळतं. तिचं नाव ‘एलिझाबेथन एक्सप्रेस’. ब्रिटनमधे १९४८ ला रेल्वे सरकारी झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्स नावाचं युनिट उभं राहिलं, त्यांचं काम म्हणजे रेल्वे, बस, बंदरं यांच्यावर फिल्म काढायच्या. त्याचे प्रमुख एडगर अ‍ॅन्स्टी हेच या फिल्मचे निर्माते, दिग्दर्शक टोनी थॉम्पसन. गाडीला हे नाव मिळालं १९५३ ला, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. धावायची फक्त उन्हाळ्यात. आणि फिल्म आली त्या वर्षी टाइमटेबलमधे तिची वेळ होती साडेसहा तास.

आता ३९३ मैलांना साडेसहा तास म्हणजे सरासरी ताशी साठ मैल, ९७ किलोमीटर. यात काय एवढं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. फिल्ममधल्या इंजिनाच्याच जातीचं एक इंजिन, मॅलार्ड, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल म्हणजे २०३ किलोमीटरने पळालं होतं आणि वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक विक्रम आजही कायम आहे. त्यामुळे वेगाचं यांना फार कौतुक नव्हतं, वेग होताच. घोळ सगळा न थांबण्याचा होता, कारण वाफेचं इंजिन हे मुळात दर थोड्या वेळाने थांबायला लागणारं यंत्र आहे. त्याला पाणी लागतं, कोळसा लागतो, राख काढायला लागते, आणि ते चालवणारी माणसं दमतात.

पाण्यापासून सुरू करतो कारण मला स्वतःला तोच भाग सगळ्यात आवडतो.

पहिला प्रश्न कोणालाही पडेल की एवढं पाणी जातं कुठे, पुन्हा वापरता येत नाही का. घरातला कुकर आठवा. शिट्टी झाली की वाफ स्वयंपाकघरात जाते, ती परत कुकरमधे येत नाही. इंजिनाचंही तसंच, फक्त आपला कुकर चौरस इंचाला पंधराएक पौंड दाबावर शिट्टी देतो आणि या इंजिनाचा बॉयलर २५० पौंडांवर चालतो. वाफ सिलिंडरमधे जाते, पिस्टन ढकलते, चाक फिरतं, आणि काम झालेली वाफ धुराड्यातून वर सोडून देतात. फुकट घालवतात असं नाही हां. ती वाफ एका अरुंद नळीतून धुराड्याखाली जोरात सुटते आणि सुटताना भट्टीतला धूर स्वतःबरोबर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत खालून ताजी हवा खेचली जाते आणि आग भडकते. लोहाराच्या भात्यासारखं. फरक एवढाच की इथे भाता ओढायला वेगळा माणूस नाही, इंजिन जितकं जोरात पळेल तितका त्याचा भाता आपोआप जोरात चालतो. आपण लहानपणापासून ज्याला झुकझुक म्हणतो ना, तो आवाज चाकांचा नाहीच, तो या वाफेच्या फटकाऱ्यांचा आहे. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार झुक, या इंजिनाला सिलिंडर तीन म्हणून सहा. आणि मोठं चाक ६ फूट ८ इंच व्यासाचं, म्हणजे साठ मैलांच्या वेगाला सेकंदाला चार फेरे, म्हणजे पंचवीस झुक. कानाला ते वेगळे ऐकूच येत नाहीत, सलग गुरगुर येते. स्टेशनातून निघताना मात्र एकेक मोजता येतो.

तर पाणी संपत राहणार, ते वाटेत भरायला हवं, तेही न थांबता. यावरचा उपाय फिल्मच्या वेळी जवळजवळ शंभर वर्षं जुना झाला होता. जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंजिनिअरने १८६० मधे उत्तर वेल्समधल्या मॉख्ड्रे इथे पहिल्यांदा केला. दोन रुळांच्या मधोमध लोखंडी पत्र्याची लांबलचक उथळ पन्हळ टाकायची, पाचसहा इंच खोल आणि पाच-सहाशे यार्ड लांब, आणि ती पाण्याने भरून ठेवायची. इंजिनामागे कोळसा-पाण्याचा जो डबा असतो, टेंडर, त्याच्या पोटाखाली एक चमचा बसवायचा, पुढे तोंड केलेला. गाडी पन्हळीवर आली की फायरमन हँडल फिरवून चमचा खाली सोडणार आणि पाणी आपोआप वर चढणार. पंप नाही, मोटर नाही, काही नाही.

पाणी वर कसं चढतं हे तुम्ही स्वतः अनुभवलेलं असेल. होडी चांगल्या वेगात असताना हात पाण्यात सरळ उभा धरा, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत चढतं. खरं तर पाणी जागेवरच आहे, तुम्ही त्याच्यावर धावून जाताय, पण पाण्याला काय फरक पडतो. वेग दुप्पट केला तर चढायची उंची चौपट होते, हे शाळेतल्या फिजिक्समधलंच. ताशी पंधरा मैलांना पाणी साधारण साडेसात फूट चढू शकतं. साठ मैलांना त्याच्या सोळापट, अर्थात नळीत घासून-बिसून बरंच कमी होतं, पण टेंडरच्या वरच्या तोंडापर्यंत दहाएक फूटच तर जायचंय. म्हणजे पाणी चढेल का ही काळजी नव्हतीच, ते आवरेल का ही होती.

सहाशे यार्डांची पन्हळ साठ मैलांच्या वेगात वीस सेकंदात संपते. तेवढ्यात दोनेक हजार गॅलन आत येतं, वजनात नऊ टन. वीस सेकंदात नऊ टन! जागेवर उभं असलेलं नऊ टन पाणी एकदम गाडीच्या वेगाला आणायचं म्हणजे गाडीला तो झटका जाणवणारच, मागून कोणी तरी शर्ट धरल्यासारखा. फायरमनने चमचा लवकर सोडला तर तो पन्हळीच्या आधी खाली कशाला तरी धडकणार, उशिरा उचलला तर टाकी भरून ओसंडणार आणि मागच्या पहिल्या डब्यात खिडकी उघडी ठेवून बसलेल्या साहेबाची अंघोळ होणार. किंग्ज क्रॉस ते एडिंबरा या मार्गावर अशा सहा जागा होत्या. लंडनजवळची लँगली, मग वेरिंग्टन, मस्कॅम, स्क्रूबी, विस्क मूर, आणि अगदी वर लकर. पन्हळ कुठेही टाकता येत नाही, तिथे रूळ अगदी सपाट हवा नाहीतर पाणी एका टोकाला जाऊन बसेल, आणि जवळ पाण्याची सोय हवी, कारण एक गाडी गेली की दुसरी यायच्या आत ती परत भरायची.

फिल्ममधे हा प्रसंग येतो तेव्हा एवढं सगळं कोणी समजावत बसत नाही, पाणी उडतं आणि गाडी पुढे जाते. म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं.

आपल्याकडे वाफेच्या इंजिनाचं पाणी म्हणजे स्टेशनवरचा तो हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. गाडी थांबायची, सोंड फिरवून टेंडरवर आणायची, आणि तोपर्यंत लोक खाली उतरून चहा, भजी, नळावर बाटल्या भरणं वगैरे. मुंबईहून इगतपुरीपर्यंतचा घाट १९३० मधेच विजेवर गेला, त्यामुळे इगतपुरीला विजेचं इंजिन सुटायचं आणि पुढे वाफेचं लागायचं. डेक्कन क्वीन तर १ जून १९३० ला सुरू झाली ती विजेवरच, म्हणून तिला पाण्याची भानगड कधी नव्हतीच.

आता कोळसा. टेंडरमधे मावतो नऊ टनांच्या आसपास आणि प्रवासाला लागतो सात-आठ टन, म्हणजे मधे भरायची गरज नाही. पण तो भट्टीत घालायचा फावड्याने, माणसाने, हलत्या फळीवर उभं राहून. भट्टीची जाळी सव्वाएक्केचाळीस चौरस फूट, जुन्या चाळीतल्या खोलीच्या मोरीपेक्षा बरीच मोठी, आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यात कोळसा सारखा पडला पाहिजे. मी समजायचो फायरमनचं काम म्हणजे जमेल तितका कोळसा ढकलणं. उलट आहे. एकदम ढीग टाकला की आग गुदमरते, काळा धूर येतो, म्हणजे न जळलेला कोळसा हवेत गेला, पैसे हवेत गेले. थोडा थोडा, सारखा सारखा, मागच्या कोपऱ्यांत जरा जास्त. आणि पुढे चढ आहे तर तो यायच्या आधीच आग तयार हवी, चढावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. म्हणजे फायरमनला पुढचे दहा मैल डोक्यात लागतात. धुराड्यातून येणारा धूर जवळजवळ दिसत नसेल तर समजायचं माणूस हुशार आहे.

ही हुशारी साडेसहा तास एकाच जोडीकडून करून घेणं शक्य नव्हतं. ड्रायव्हरचे डोळे आणि फायरमनची पाठ, दोन्ही. शिवाय आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्याला लक्षात येत नाही: ड्रायव्हरला रस्ता पाठ असायला लागतो. कुठला सिग्नल कुठल्या वळणाआड आहे, कुठे उतार सुरू होतो, अंधारात, धुक्यात. आपल्या लोको पायलट लोकांनाही नव्या सेक्शनवर पाठवायच्या आधी रोड लर्निंग करावं लागतं, तेच. लंडनच्या ड्रायव्हरला एडिंबरापर्यंत सगळं तोंडपाठ करायला लावण्यापेक्षा अर्ध्यात एडिंबराचा ड्रायव्हर घेतलेला बरा. पण गाडी थांबत नाही, तर घ्यायचा कसा?

इथे सर नायजेल ग्रेस्ली यांचं डोकं. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर. १ मे १९२८ पासून फ्लाइंग स्कॉट्समन ही गाडी लंडन ते एडिंबरा न थांबता सोडायची ठरली आणि त्यासाठी त्यांनी टेंडरच्या एका बाजूने आरपार बोळ काढला. पाच फूट उंच, अठरा इंच रुंद. पाच फुटात बहुतेकांना वाकायलाच लागतं आणि अठरा इंच म्हणजे मुंबईच्या लोकलच्या दारात आपल्याला उभं राहायला मिळते तेवढी जागा, त्यातून आडवं होऊन सरकायचं, एका बाजूला पाणी आणि कोळसा, पायाखाली साठ-सत्तर मैलांनी पळणारे रूळ. ग्रेस्ली यांनी घरात भिंतीला लावून खुर्च्यांची रांग मांडली आणि त्या फटीतून स्वतः सरकून बघितलं म्हणे, एवढ्यातून माणूस जातो का ते. गोष्ट खरी असो नसो, सांगणारे अगदी रंगवून सांगतात.

दुसरी जोडी लंडनपासूनच गाडीत बसलेली असते, पुढच्या डब्यातल्या राखीव कप्प्यात. यॉर्क गेलं की थोड्या वेळात, टॉलर्टनच्या आसपास, जवळपास अर्धं अंतर झालेलं असतं. दोघं उठतात, बोळातून वाकून इंजिनात येतात. ड्रायव्हर जागा सोडतो, नवा बसतो, फावडं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. जुनी जोडी कोळशाने काळी झालेली बोळातून मागे येऊन आपल्या जागेवर बसते आणि एडिंबरापर्यंत चक्क प्रवासी. रात्री तिथेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी उलटी गाडी. डायनिंग कारमधे सूप पिणाऱ्या माणसाला कळतही नाही की गाडी चालवणारा बदलला. फिल्ममधे हा सगळ्यात शांत प्रसंग आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी.

बाकी राहिली लाइन. सिग्नल लाल असेल तर राणीची गाडी काय आणि मालगाडी काय, थांबावंच लागतं. ‘नॉन-स्टॉप’चा अर्थ टाइमटेबलमधे थांबा नाही एवढाच. त्यामुळे ३९३ मैलांवरचे सगळे सिग्नलच्या केबिनवाले एकमेकांना घंटेचे ठोके देत (एक्सप्रेससाठी सलग चार) पुढचा रस्ता मोकळा करत राहतात, हळू गाड्या बाजूला काढतात. आणि वाटेत हळू व्हायच्या जागा पण होत्याच, पीटरबरोला तर वीस मैलांवर यावं लागे, मग यॉर्कचं वळण, न्यूकॅसलची वळणं. साठची सरासरी राखायची म्हणजे मोकळ्यावर ऐंशी-नव्वद. न थांबण्याचा हट्ट किती होता याचं उदाहरण म्हणजे ऑगस्ट १९४८. पुरात बर्विकच्या वरची लाइन वाहून गेली, गाड्या गॅलाशील्सवरून वळवल्या, अंतर वाढून ४०८ मैल झालं, त्या वळणावर पाण्याची एकही पन्हळ नाही, वर चढ. अधिकाऱ्यांनी मधे थांबायची मुभा दिलेली. तरी काही जोड्यांनी पाणी पुरवून पुरवून वापरत गाडी थेट नेली, एकदा नाही, बऱ्याचदा.

थोडं फिल्म म्हणून. फिल्ममधलं इंजिन आहे ६००१७ सिल्व्हर फॉक्स, ए-फोर जातीचं, १९३५ चं, अंगावर चकचकीत स्टीलचा कोल्हा. याच जातीत पस्तीस इंजिनं होती आणि त्यातल्या एकाचं नाव ‘एम्पायर ऑफ इंडिया’, जे १९४७ नंतरही कोणी बदललं नाही, १९६४ मधे इंजिन भंगारात गेलं तेव्हा नावही गेलं. एम्पायरपेक्षा सतरा वर्षं जास्त टिकलं म्हणायचं.

निवेदन सगळं यमकात आहे. खरं सांगतो, काही ठिकाणी ते बालगीत वाटतं. त्याआधी १९३६ मधे टपाल घेऊन जाणाऱ्या रेल्वेवर ‘नाइट मेल’ नावाची डॉक्युमेंटरी आली होती, तिच्या शेवटी ऑडन या कवीची चाकांच्या ठेक्यावर चालणारी कविता होती, त्यानंतर रेल्वेच्या फिल्मला कविता हवीच असा काहीसा समज झाला असावा. त्या फिल्ममधला टपाल छाटायचा डबा तर स्टुडिओत बांधलेला सेट होता आणि माणसांना डुलायला सांगितलं होतं! डॉक्युमेंटरी म्हणजे कॅमेरा लावला आणि जे झालं ते आलं, असं तेव्हाही नव्हतं. त्या काळी धडधडत्या इंजिनात आवाजासकट शूटिंग म्हणजे जवळपास अशक्य, शिट्टी, चाकं, संगीत सगळं नंतर जोडायचं.

आणि कॅमेरामन कोण, बिली विल्यम्स. तेव्हा पंचविशीतला पोरगा. याच माणसाला पुढे ‘गांधी’ सिनेमाच्या छायाचित्रणासाठी रॉनी टेलरबरोबर ऑस्कर मिळालं, त्याच सिनेमाने आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना वेशभूषेचं ऑस्कर दिलं. हे कळल्यावर मी फिल्म परत लावली, इंजिनावरचा उजेड बघायला.

पुढे काय झालं ते जरा गमतीचं आहे. १९६१ च्या उन्हाळ्यानंतर या गाडीवरून वाफ गेली आणि डेल्टिक नावाची डिझेल इंजिनं आली. जास्त ताकदीची, वेळ सहा तासांवर आली, पाण्याची कटकट नाही, कोळसा नाही, राख नाही. पण डेल्टिकमधून डब्यात जायला बोळ नव्हता. मग जोडी बदलायला गाडी न्यूकॅसलला थांबायला लागली! सिल्व्हर फॉक्स १९६३ मधे निघालं आणि मोडीत गेलं. पन्हळीही हळूहळू उखडल्या, डिझेलला त्यांचा काय उपयोग. म्हणून १ मे १९६८ ला, त्या पहिल्या नॉन-स्टॉपला चाळीस वर्षं झाली म्हणून, अ‍ॅलन पेगलर यांनी स्वतः विकत घेतलेलं, त्या गाडीच्याच नावाचं फ्लाइंग स्कॉट्समन इंजिन लंडनहून एडिंबराला परत एकदा न थांबता नेलं, तेव्हा पाण्याची वेगळी सोय करावी लागली: इंजिनामागे एक नाही, दोन टेंडर, दुसरा फक्त पाण्याचा, आणि त्या दोन्हीतून बोळ.